दाखला काढण्याआधी

मागच्या रविवारी कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं एक जोडपं पोराला घेऊन घरी आलं. मी शाळेच्या ऑफिसात लिपिक म्हणून एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दाखल्याचं काही अडलं की लोक अजून माझंच दार वाजवतात. वडिलांची लेथची छोटी शेड, आई घरी शिवण घेते, पोरगा नऊ वर्षांचा, चौथीत. वडिलांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. विषय : शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.

"काका, ह्याला घरातच शिकवायचं म्हणतोय. कायद्यात बसतंय काय, तेवढं सांगा."

माझं लक्ष पोराकडं होतं. त्यानं शेडमधला व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं जबड्याचं हत्यार, बरोबर आणला होता आणि टीपॉयवरच्या वाटीतली चिल्लर तो मोजत बसला होता. दहाचं नाणं जबड्यात धरलं, अंगठ्यानं हलकेच सरकवलं, डोळ्यापाशी नेलं. "सत्तावीस." मी सहज विचारलं, सुतात किती? ओठ जरा हलले. "साडेआठ." त्यानं खाली मान घालून पाचचं नाणं उचललं. मी आत जाऊन कागदावर भागाकार केला. आठ सूत म्हणजे एक इंच, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. उत्तर बरोबर होतं. ह्याच पोराच्या वहीत बाईंनी लाल शाईनं लिहिलंय, 'फळ्यावरचे उतरवून घेत नाही, गणितात लक्ष नाही.'

अशी पोरं मी ऑफिसच्या खिडकीतून खूप बघितली. त्यामुळं आईबापांचा वैताग मला कळतो. पण त्यांच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही, म्हणून त्या दिवशी जे तासभर बोललो ते इथं नीट मांडतोय.

आधी कायदा. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीनं अनुच्छेद ५१-क मध्ये पालकांवर एक कर्तव्यही टाकलं : मुलाला शिक्षणाची संधी द्यायची. शब्द नीट बघा, घटनेत 'शिक्षण' आहे. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १० म्हणतं, पालकानं मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे त्याचं कर्तव्य आहे. इथं 'शाळा' आली. आणि कायद्याच्या व्याख्येत शाळा म्हणजे मान्यताप्राप्त शाळा, तुमची माडीवरची खोली नव्हे.

पण कलम १० मोडलं तर काय? शिक्षा नाही, दंड नाही. सबंध कायद्यात घरशिक्षणाला परवानगी देणारं कलम नाही आणि मनाई करणारंही नाही. जर्मनीत मुलाला शाळेत घालावंच लागतं, घरी शिकवायची मुभा नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरशिक्षण कायदेशीर आहे, फक्त प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आपण मधल्या धुक्यात आहोत. देशात घरी शिकणारी मुलं आहेत, त्यांचे आईबाप काही तुरुंगात गेलेले नाहीत. पण उद्या कुणी विचारलं तर दाखवायला परवानगीचा कागदही त्यांच्याकडं नाही.

व्यवहारात काय होतं ते सांगतो. सहा ते चौदा वयाचं मूल कुठल्याच पटावर नसलं की सरकारी भाषेत ते 'शाळाबाह्य'. त्यांचं सर्वेक्षण निघतं, शिक्षक दारोदार फिरतात. त्यातल्या एखाद्या बाई तुमच्या दारात येतील, "पोरगा शाळेत का नाही?" विचारतील. त्यांच्यावर खेकसू नका. त्या वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या टोळीतली पोरं शोधायला निघालेल्या असतात, तुमच्यावर पाळत ठेवायला नव्हे. पोराच्या वह्या, काय शिकवतोय त्याची नोंद, पुढं कुठल्या परीक्षेला बसवणार ते दाखवा.

हे सगळं कोल्हापुरात बोलायचं म्हणजे शाहू महाराजांना ओलांडून जाता येत नाही. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. त्या काळचा रुपया! गंमत अशी की महाराज स्वतः आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात होते आणि १८९० पासून धारवाडला फ्रेजर या खाजगी शिक्षकाच्या हाताखाली शिकले. म्हणजे वर्ग नाही, घंटा नाही, शिकवायला एक माणूस आणि शिकायला सगळा मुलूख. शिकण्याचा भाग म्हणून त्यांनी देशभर प्रवास केला. मग अशा माणसानं दुसऱ्यांच्या पोरांना शाळेची सक्ती का केली? कारण ज्या घरातलं पोर गुरं राखायला जात होतं त्या घरात फ्रेजर येणार नव्हता. दंड शिकण्याच्या दुसऱ्या वाटेला नव्हता, पोराला कामाला जुंपण्याला होता.

हे मी त्या वडिलांना मुद्दाम सांगितलं, कारण त्यांच्या बेतात सकाळी अभ्यास आणि दुपारी शेड असं होतं. "हात बसंल की पोराचा." बालकामगार कायद्यात २०१६ ला जो बदल झाला त्यानुसार चौदा वर्षांखालचं मूल घरच्या व्यवसायात मदत करू शकतं, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच. आता ज्या पोराला शाळाच नाही त्याची 'शाळेची वेळ' कुठली? फिरतं मशीन, उडणारा बुरा, कातताना तापलेला लोखंडाचा तुकडा ह्यात नऊ वर्षांच्या पोराला मदत म्हणून उभं करणं मला तरी पटत नाही. व्हर्निअर घरात आणा, पोराला चालू लेथवर नेऊ नका. वडील जरा नाराज झाले. होऊ देत.

आता शिकवण्याचं. लोकांना वाटतं, हेच सगळ्यात अवघड. माझ्या मते हा सगळ्यात सोपा भाग आहे, आणि त्यासाठी साधा हिशेब पुरतो. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं, म्हणजे दिवसाला चार तास. प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक. चार तास म्हणजे २४० मिनिटं, भागिले तीस : एका पोराच्या वाट्याला बाईंची आठ मिनिटं. वर्गात पंचेचाळीस असली तर साडेपाचही नाहीत, आणि त्यातून पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार याद्यांचं काम वजा करा. मी मास्तरांची बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे, त्यांच्या टेबलावरचे ते कागद मी बघितलेत. सांगायचं एवढंच की आईनं शेजारी बसून दोन तास नीट दिले तर पुस्तकाच्या बाबतीत पोरगं मागं पडायचं काही कारण नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. शिवाय आपल्या गावात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे.

त्या आईला मी विचारलं, कपडे बेततानाचा हिशेब पोराला दाखवता काय? म्हणाल्या, "अहो, तिरक्या कापात कापड किती जास्त जातंय ते त्यानंच सांगितलं मला." अपूर्णांक ह्यापेक्षा वेगळे काय असतात? उलट बाजूही सांगतो. मी त्याला मराठीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला, तर तिसऱ्या ओळीला अडकला आणि अंदाजानं शब्द फेकायला लागला. घरात आपल्याला जे येतं, आवडतं तेच शिकवलं जातं. लेथवाल्याच्या घरी मापं पक्की होतील, वाचन कच्चं राहील. मास्तराच्या घरी उलटं. हे ओळखून बाहेरून मदत घ्यावी लागते. आणि पोरगं फळ्यावरचं उतरवत नसेल तर आधी डोळे तपासा, मग वाचन-लेखनातली काही अडचण आहे का ते जाणकाराला दाखवा. शाळा बदलून चष्म्याचा नंबर जात नाही.

दुसरा भाग कागदाचा, तिथं माझी हयात गेली.

दहावीच्या परीक्षेला बसायला तीन सरळ रस्ते आहेत. पहिला राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थी, ज्याला सगळं गाव 'सतरा नंबर फॉर्म' म्हणतं. किमान पाचवी पास असावी लागते, वयाची अट असते, आणि फॉर्म एखाद्या शाळेला संपर्क केंद्र धरून भरायचा. पेपर तेच, मंडळ तेच. ह्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मी अशी घरं बघितलीत जिथं दाखला प्लॅस्टिकमध्ये घालून तिजोरीत ठेवला आणि पाच वर्षांनी कुणालाच आठवेना तो कुठल्या बँकेत गहाणाच्या कागदांबरोबर गेला. मग दुय्यम प्रत, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थानाचा, म्हणजे एनआयओएस. १९८९ ला ही संस्था राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ ला आत्ताचं नाव मिळालं. घरी शिकवणाऱ्यांचा ओढा बहुतेक इकडंच असतो आणि त्याला कारण आहे. चौदा पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, पाच विषय घ्यायचे, आणि सगळे एका दमात द्यायची सक्ती नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी. एकदा पास झालेला विषय पासच राहतो. आपल्या पोराला मराठी माध्यमातून दहावी देता येते. लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे अ, ब, क असे टप्पेही आहेत.

तिसरा महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. इथं पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा परीक्षा आहेत; पाचवीला वय दहा पूर्ण, आठवीला तेरा पूर्ण. माझा सल्ला विचाराल तर पोराला पाचवीचा तरी कागद कुठून ना कुठून मिळवून ठेवा. तो हातात असला की पुढचे सगळे दरवाजे किलकिले राहतात.

मुक्त विद्यालयाच्या दहावी-बारावीला पुढं मान्यता आहे, पण वैद्यकीयसारख्या ठिकाणी ती मुलं आधी अडवली गेली आणि त्यांना कोर्टात भांडावं लागलं. तेव्हा पोराचा कल कुठं दिसायला लागला की त्या त्या प्रवेशाचे नियम त्या वर्षीचे बघा, शेजाऱ्यानं सांगितलेले नव्हेत.

आणखी एक गोष्ट शहरातले सुशिक्षित पालक हमखास विसरतात. आपल्याकडं शाळेचं जनरल रजिस्टर हे नुसतं शाळेचं रजिस्टर नसतं. जन्मतारीख, जन्मगाव, जात, सगळ्याचा पुरावा म्हणून लोक तिथंच येतात. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या नोंदीवर नातवाचा जातीचा दाखला निघतो. आमच्या पिढीत तर निम्मा जिल्हा १ जूनला जन्मला, कारण मास्तरांनी शाळा उघडायच्या हिशेबानं तीच तारीख लिहून टाकली. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्म दाखलाच लागणार आहे, त्यामुळं तो भाग सुटेल. पण घरी शिकणाऱ्या पोराच्या बाबतीत जन्म दाखला, आधार, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा उतारा, रहिवासाचा पुरावा ही फाईल आधीच तयार हवी. नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच हवं. हे वाचून हसू येत असेल तर तुम्हाला अजून कुणी परत पाठवलेलं नाही.

परत यायचं म्हटलं तर? कायद्याचं कलम ४ सांगतं की सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल किंवा मधेच सुटलं असेल तर त्याला वयाप्रमाणे योग्य वर्गात घ्यायचं, आणि इतरांच्या बरोबरीनं आणायला खास प्रशिक्षण द्यायचं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एवढं स्वच्छ लिहिलेलं असूनही माझ्या भाचीला एका शाळेनं दोन वर्षं घरी शिकलेल्या तिच्या मुलीसाठी तीन वेळा परत पाठवलं : मागच्या वर्गाचं प्रगतिपत्रक आणा. कुठून आणायचं? शेवटी मी कलम ४ ची छापील प्रत घेऊन गेलो, मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली, आणि अर्जाची पोच द्या म्हटलं. त्या दिवशी प्रवेश झाला. लेखी अर्ज आणि पोच, ह्या दोन गोष्टींनी आपल्याकडची अर्धी कामं होतात. मात्र हे संरक्षण चौदा वर्षांपर्यंतच. नववीत परत यायचं म्हटलं तर कायदा तुमच्या मागं उभा नसतो.

एक पळवाट आजकाल सर्रास सुचवली जाते. नाव शाळेत, पोरगं घरी, हजेरी 'मॅनेज'. मी हजेरीपटांवर आयुष्य काढलंय, मला हे अजिबात पसंत नाही. खोटा पट पकडला गेला की शाळा हात वर करते आणि पोराचं वर्ष लोंबकळतं. दुसरी हौस म्हणजे पाच-दहा घरांनी मिळून फ्लॅट घ्यायचा, दोन बाई ठेवायच्या आणि बोर्ड लावायचा. चार पोरं एकत्र शिकणं वेगळं आणि फी घेऊन रोज वर्ग भरवणं वेगळं. कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. कुणी अशा केंद्रात बोलावलं तर पहिल्यांदा मान्यतेचा क्रमांक विचारा.

इतकं सगळं झाल्यावरही मुख्य प्रश्न उरतोच, आणि तो विचारल्यावर ते दोघं एकदम गप्प झाले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ह्याच्याबरोबर कोण?

शाळा शिकवते किती ह्यावर वाद घाला, पण ती पोराला रोज सांभाळते, आणि आपण न निवडलेल्या तीस पोरांत नेऊन सोडते. डबा वाटून खाणं, खोड्या, अबोला, पाठीमागच्या बाकावरचा आपल्या आळीत कधीच न भेटणारा मित्र. घरात हे आपोआप होत नाही. शाहू महाराजांनासुद्धा धारवाडला एकट्याला ठेवलं नव्हतं, धाकटे बंधू बापूसाहेब बरोबर होते. संध्याकाळी पोरगं तालमीत, पोहायला, तबल्याला जाईल हे ठीक, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं काय? शाळेतल्या मित्रांना तर तेव्हा शाळा असते. आणि बहुतेक घरांत ह्या प्रश्नाचं उत्तर 'आई' एवढंच निघतं. म्हणजे घरशिक्षणाची फी कोण भरतं? जिची शिवणाची गिऱ्हाइकं तुटतात ती. पुरुष मंडळी हा खर्च कधी वहीत लिहीत नाहीत.

म्हणून दाखला काढायच्या आधी मधल्या वाटा बघा, असं मी म्हटलं. याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद विद्यालय काढलं. शिक्षक घडवणाऱ्या सरकारी महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मराठी माध्यमाची छोटी प्राथमिक शाळा उभी केली, जिथं मुलं आजूबाजूचं जग बघत, प्रश्न विचारत, हातानं करत शिकतात. शाळा नको म्हणणाऱ्या पालकांना बहुतेक वेळा हेच हवं असतं. महापालिकेच्या शाळेला नाकं मुरडणाऱ्यांनी पाडव्याला जरगनगरात प्रवेशासाठी लागणारी रांग एकदा बघावी. सगळ्याच सरकारी शाळा तशा आहेत असं मी म्हणणार नाही, आमच्याकडं वाईट वर्गांचीही टंचाई नाही. पण पोराचं भांडण एका बाईंशी आहे, एका शाळेशी आहे की शाळा ह्या प्रकाराशीच आहे, ते वेगळं करून बघायला हवं.

वडिलांनी अर्ज परत घडी घालून खिशात ठेवला. फाडला नाही. ठरलं असं की मे महिन्याच्या सुट्टीत घरशिक्षणाची रंगीत तालीम करायची, जणू दाखला काढलाच आहे. रोज दोन तास अभ्यास, त्यातला एक तास नुसतं वाचन. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं ह्याच आठवड्यात. आणि आईनं त्याच वेळी माझ्याकडून कागद मागून घेतला, उभ्या रेघा मारल्या, सोमवार ते शनिवार, दहा ते पाच, समोर कोण घरी असणार त्याचं नाव. सोमवारी आजी. मंगळवारी त्या स्वतः. गुरुवारी मामाकडं राजारामपुरीत. शनिवारी माझं नाव घातलं, न विचारता. बुधवार आणि शुक्रवार मोकळे राहिले. नवऱ्यानं त्या दोन मोकळ्या रकान्यांकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "शुक्रवारी मी लवकर येतो की." तिनं पेन खाली ठेवलं नाही. "किती वाजता?"